‘एक मूल झाल्याशिवाय गोळी नको’ या मेसेजमधल्या एकेका मुद्द्याबद्दल

हा मेसेज मला आत्तापर्यंत तीन ग्रुपवर आलाय, वर ‘सगळ्या मैत्रिणींना पाठवा’ असं लिहिलेलं. म्हणणं थोडक्यात असं: गर्भनिरोधक गोळी एक मूल होईपर्यंत घ्यायचीच नाही, नंतर दिवस राहत नाहीत, घेतलीच तर दर सहा महिन्यांनी बंद करून शरीराला आराम द्यायचा, बाळ अंगावर पीत असेल तर हार्मोन्स अजिबात चालत नाहीत आणि तसंही तेव्हा दिवस राहत नाहीत, चाळिशीनंतर गरजच संपते, आणि शेवटी लाल अक्षरात, गोळीने कॅन्सर होतो, डब्ल्यूएचओनेच सांगितलंय.

मी डॉक्टर नाही. पण माझ्या मावसबहिणीने याच ‘आराम द्या’ सल्ल्यावर गोळी थांबवली, दुसऱ्याच महिन्यात नको असताना दिवस राहिले, आणि त्या दोन महिन्यांत दुसरं काहीतरी वापरायला हवं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतेय.

कॅन्सरचं आधी घेते, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच बसते. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००५ मध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दोन्ही हार्मोन्स असलेल्या गोळ्यांना कॅन्सरकारक गटात टाकलं, हे खरंय. पण त्याच अहवालात हेही लिहिलंय की याच गोळ्यांमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा कॅन्सर कमी होतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याने ते अर्धं वाक्य कापून टाकलंय, याचा मला खरंच राग येतो. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका दर पाच वर्षांच्या वापरामागे साधारण २० टक्क्यांनी कमी होत जातो आणि गोळी बंद केल्यावरही हा फायदा पुढे कितीतरी वर्षं टिकतो. दुसऱ्या बाजूला स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, तो मी लपवणार नाही. डेन्मार्कमध्ये १८ लाख बायकांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये आला, त्यात हार्मोन्स वापरणाऱ्या १ लाख बायकांमागे वर्षाला १३ जास्तीच्या केसेस निघाल्या, आणि ३५ च्या आतल्या बायकांचं बघितलं तर फक्त २. म्हणजे वय बदललं की हिशोबच बदलतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा धोकाही पाच वर्षांपेक्षा जास्त वापरलं तर वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू उतरतो, पण त्याचं मूळ कारण एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा व्हायरस, त्यामुळे लस आणि तपासणी चुकवायची नाही. स्तनाचा कॅन्सर असलेल्या किंवा होऊन गेलेल्या बाईने मात्र हार्मोन्सच्या वाटेला जायचं नाही, तिला कॉपर-टी आहे.

आता मूल न होण्याचं. गोळी अंडं बाहेर पडणं थांबवते, म्हणजे तुम्ही घेताय तोपर्यंतच. बंद केली की काही दिवसांत हार्मोन्स शरीरातून निघून जातात, ती कुठे साठून राहत नाही. मूल हवं म्हणून गोळी सोडलेल्या युरोपातल्या बायकांच्या एका मोठ्या पाहणीत २१ टक्के जणींना पहिल्याच महिन्यात दिवस राहिले आणि वर्षभरात जवळपास ७९ टक्के जणींना, आणि हे गोळी न घेतलेल्या बायकांसारखंच आहे. मग ‘माझ्या बहिणीला गोळीमुळे होईना’ असं इतक्या जणी का सांगतात? बऱ्याचदा गोष्ट अशी असते की मुलगी सतरा-अठराची असताना पाळी अनियमित, पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाने पाळी अनियमित होते तो त्रास) निघालं, गोळी सुरू झाली, पाळी घड्याळासारखी यायला लागली, आणि तिशीत गोळी बंद केल्यावर मूळचीच अनियमित पाळी परत आली. गोळीने पीसीओएस बरं केलं नव्हतं, फक्त झाकून ठेवलं होतं, शिवाय मधल्या काळात वयही बारा-तेरा वर्षांनी वाढलेलं असतं.

इथे एक अपवाद आहे आणि तो नेमका मेसेजमध्ये नाही. तीन महिन्यांचं इंजेक्शन. त्यानंतर अंडं परत बाहेर पडायला लागायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने जातात, काहींना वर्षापेक्षाही जास्त. कायमचं नुकसान होत नाही, पण दीड वर्षात मूल हवंय असं मनात असेल तर हा पर्याय घेऊ नका. त्याने हाडांची घनताही थोडी कमी होते, बंद केल्यावर बरीचशी भरून येते, तरी ज्या वयात हाडं अजून भरत असतात त्या मुलींना देताना डॉक्टर विचार करतात तो यामुळेच. साधी गोळी मात्र पाळी सुरू झालेल्या मुलीलाही देता येते, फक्त वय कमी आहे म्हणून नाही म्हणायचं कारण नाही, आणि पोटात इतकं दुखतं की शाळा बुडते अशा मुलींना तिचा मोठा आधार असतो. गोळी सुरू केल्यावर मुलगी म्हणाली की मला सारखं उदास वाटतंय, तर ते ऐका, नखरे समजू नका.

आराम देण्याबद्दल तर मेसेज पूर्ण उलटं सांगतोय. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होणं हा दोन्ही हार्मोन्सवाल्या गोळीचा खरा धोका, आणि तो पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. महिनाभर किंवा जास्त बंद ठेवून परत चालू केली की तो जास्तीचा धोका पुन्हा नव्याने सुरू होतो. म्हणजे दर सहा महिन्यांनी आराम देणारी बाई दरवेळी परत सुरुवातीलाच येऊन उभी राहते. आकडे बघा: गोळी न घेणाऱ्या १० हजार बायकांत वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीत ५ ते ७, ड्रोस्पायरेनोनवाल्यात ९ ते १२ (ही दोन्ही प्रोजेस्टिनच्याच प्रकारांची नावं, पाकिटावर लिहिलेली असतात). बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा धोका यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. आणि पाकिटातल्या रिकाम्या, म्हणजे हार्मोन नसलेल्या गोळ्यांच्या आठवड्यात जे अंगावर जातं ती खरी पाळी नसतेच, त्यामुळे आत घाण साचते वगैरे काही नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईचं. इस्ट्रोजेन असलेली गोळी बाळंतपणानंतर सहा आठवडे अजिबात नाही, आणि पाजत असेल तर सहा महिने शक्यतो नाही, इतपत मेसेज बरोबर आहे. पण फक्त प्रोजेस्टिन असलेली गोळी, इम्प्लांट (दंडाच्या कातडीखाली बसवतात ती छोटी काडी), हार्मोनवालं आययूडी (कॉपर-टीसारखं गर्भाशयात बसवायचं साधन) हे सगळं पाजतानाही चालतं. आणि ‘पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत’ याला तीन अटी आहेत, तिन्ही एकदम लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध. एक जरी मोडली तरी भरवसा संपला. पाळी आली की बघू असंही चालत नाही, कारण अंडं पाळीच्या आधी बाहेर पडतं.

चाळिशीनंतर दिवस राहायची शक्यता कमी होते, संपत नाही. पाळी दोन-तीन महिने चुकते, सगळे म्हणतात आता जायची वेळ झाली, आणि मग टेस्ट पॉझिटिव्ह येते. नियम असा की शेवटची पाळी पन्नाशीच्या आत झाली असेल तर पुढे दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर झाली असेल तर एक वर्ष. मेनोपॉजसाठी देतात त्या हार्मोन्सच्या गोळ्या गर्भनिरोधक नसतात, ही गल्लत खूप जणींची होते. दोन्ही हार्मोन्सवाली गोळी तब्येत चांगली असेल तर पन्नाशीपर्यंत चालते, त्यानंतर प्रोजेस्टिनवाली किंवा आययूडी.

मात्र ज्यांनी दोन्ही हार्मोन्सवाली गोळी खरंच घ्यायला नको त्यांच्याबद्दल या एवढ्या लांब मेसेजमध्ये एक ओळ नाही: ३५ च्या पुढे वय आणि सिगारेट, बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त, आधी कधी गुठळी झालेली, आणि ज्या मायग्रेनमध्ये डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात किंवा मधला भाग दिसेनासा होतो, ते कुठल्याही वयात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटांची काही औषधं चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो, तेही आधी सांगा. आणि गोळी घेताना एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, किंवा बोलताना जीभ अडखळायला लागली तर सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा आणि तिथे पहिल्यांदा हेच सांगा की गोळी चालू आहे.