ब्रश कटर चालू होत नाही म्हणून लगेच नवीन कार्बोरेटर आणू नका

सध्या एक सल्ला जिकडेतिकडे फिरतोय. पेट्रोलवरचा ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं मशीन) चालू होत नसेल किंवा चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर समजा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग) गेला, तो उघडायच्या भानगडीत पडू नका, एकदा उघडला की परत नीट बसत नाही, साफ केला तरी चार दिवसच चालतो, त्यापेक्षा नवीन टाका, सगळे सारखेच असतात, दोन बोल्ट काढले की काम झालं, आणि परत त्रास नको असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल जरा जास्त टाकत जा. हे वाचून लोक चांगले कार्बोरेटर काढून टाकतायत आणि मशीन तरीही चालू होत नाहीये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"चालू होत नाही म्हणजे कार्बोरेटरच गेला"

नाही. आधी बघायचं की मुळात पेट्रोलचा प्रॉब्लेम आहे की स्पार्कचा. प्लग काढा, ओला आहे की कोरडा ते बघा, स्पार्क येतोय का ते तपासा (सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या, मशीन उघड्यावर ठेवा), मग प्लगच्या भोकातून मिक्स (ऑईल मिसळलेल्या) पेट्रोलचे थोडेसे थेंब आत टाका, प्लग परत लावा आणि दोरी ओढा. इंजिन दोनतीन सेकंद पेटून बंद पडलं तर स्पार्क आहे, कॉम्प्रेशनही (सिलेंडरमधला दाब) कामापुरतं आहे, पेट्रोल तेवढं पोचत नाहीये. आणि पोचत नाही म्हणजे लगेच कार्बोरेटर असंही नाही, कारण टाकीतून कार्बोरेटरपर्यंत येईपर्यंत बरंच काही मध्ये आहे. टाकीच्या आत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो तो चोक होतो. नळी टाकीतून जिथे बाहेर पडते तिथे रबर कडक होऊन बारीक चीर पडते आणि पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते, वरून बघून कळतही नाही, नळी वाकवून बघावी लागते. प्रायमरचा बल्ब (चालू करण्याआधी दाबायचा तो रबरी फुगा) कितीही दाबला तरी बुडबुडे येतच राहिले तर पहिला संशय नळीवर आणि त्या बल्बवर घ्यायचा. हा बल्ब इंजिनात पेट्रोल ढकलतो असं बरेच जण समजतात, तसं नाही, बहुतेक मशीनमध्ये तो कार्बोरेटरमधून पेट्रोल खेचून परत टाकीत पाठवतो, म्हणूनच दोन नळ्या असतात, आणि त्या उलट्या लावल्या की बल्ब काम करत नाही.

मशीन मस्त चालू होतं, पाचदहा मिनिटं चालतं आणि मग मरतं, आणि टाकीचं झाकण सैल केलं की परत चालतं? मग टाकीत हवा जायचा व्हेंट चोक आहे, कार्बोरेटरचा काही दोष नाही. चालू होतं पण रेसच घेत नाही, तर एअर फिल्टर बघा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर ती काढून बघा. ती काजळीने भरली की धूर बाहेर पडायला वाट राहत नाही आणि इंजिन गुदमरतं, साफ करायला फार वेळ लागत नाही, पण हीच तक्रार कार्बोरेटरच्या नावावर सगळ्यात जास्त खपवली जाते.

"उघडला की परत बसत नाही"

ही भीती आत काय आहे ते माहीत नसल्यामुळे आहे. ब्रश कटर आडवा-तिरपा कसाही धरला जातो म्हणून त्यात मोटरसायकलसारखा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा भाग) चालत नाही, त्याऐवजी पातळ पडदे असतात, म्हणजे डायफ्राम. एका बाजूला पंप असतो, क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब एका बारीक भोकातून येतो, पडदा थरथरतो आणि टाकीतून पेट्रोल ओढलं जातं. दुसऱ्या बाजूला मीटरिंगचा (पेट्रोल मोजून सोडणारा) पडदा, त्याखाली छोटा लिव्हर, स्प्रिंग आणि निडल (पेट्रोलची वाट उघडणारी-बंद करणारी सुई), जेवढं पेट्रोल लागेल तेवढीच निडल उघडते. बस एवढंच. पंपाच्या बाजूला आत एक छोटीशी जाळीही असते, ती बहुतेक जण बघतच नाहीत आणि कचरा नेमका तिथेच अडकलेला असतो.

परत लावताना लोक चुकतात ते क्रमात. सहसा मीटरिंगच्या बाजूला बॉडीला आधी गॅस्केट आणि त्यावर पडदा, पंपाच्या बाजूला बरोबर उलटं, आधी पडदा आणि वर गॅस्केट. खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा, मग हा प्रश्नच येत नाही. लिव्हरची उंची मात्र उगाच वाकवून बदलू नका, काही मॉडेलमध्ये तो तळाच्या लेव्हलला असतो काहींमध्ये थोडा खाली, जास्त वर राहिला तर पेट्रोल वाहतं, जास्त खाली गेला तर पेट्रोल कमी पडतं.

"साफ केला तरी चार दिवसच चालतो"

हो, बाहेरून स्प्रे मारून "साफ" केला तर चार दिवसच चालेल, कारण खराब झालेला असतो पडदा आणि तो तर तसाच आत राहिला. चांगला पडदा मऊ असतो, बोटाने दाबला की आवाज न करता हलतो, जुना कडक होतो, वेडावाकडा होतो, दाबला की कडकडतो. पेट्रोल महिनोनमहिने आत राहिलं की चिकट थर बसतो, त्यात इथेनॉल असेल तर ते पाणी धरतं आणि जुन्या रबराचीही वाट लावतं. म्हणून साफ करणं आणि किट बदलणं हे एकच काम समजा. किट (पडदे-गॅस्केटचा तयार संच) मिळतं, वॉलब्रो या कार्बोरेटर कंपनीच्या किटचा नंबर के पासून सुरू झाला तर निडल-लिव्हरसकट पूर्ण, डी पासून असेल तर फक्त गॅस्केट आणि पडदे. झामा या दुसऱ्या कंपनीत तेच आरबी आणि जीएनडी. किट शोधायचं ते कार्बोरेटरवर कोरलेल्या नंबरवरून, मशीनच्या मॉडेलवरून नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे कार्बोरेटर आलेले असू शकतात.

स्प्रे मारायच्या आधी रबरचं सगळं बाहेर काढा. आणि जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) तार घालू नका, खरंच नका घालू, ते भोक इतकं बारीक असतं की थोडं ओरखडलं तरी कायमचं मोठं होतं आणि मग कुठलंही ट्युनिंग जमत नाही.

"नवीन टाका, सगळे सारखेच"

बाहेरून सारखे दिसतात, बोल्टची भोकंही जुळतात, पण आतलं तोंड लहानमोठं असतं, दाबाचं भोक वेगळ्या जागी असू शकतं, नळ्यांची तोंडं वेगळ्या बाजूला. त्या दाबाच्या भोकावर गॅस्केट उलटं लागून ते बंद झालं तर अगदी कोरा कार्बोरेटरही पेट्रोल ओढणार नाही. जुनी चिरलेली नळी आणि घाण टाकी तशीच ठेवलीत तर तोच कचरा नव्यात जाणार.

आणि दोन बोल्टवर काम संपतही नाही. स्लो (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) इतका कमी असावा की कापायचं हेड फिरता कामा नये. एच स्क्रू (जास्त रेसला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा) उगाच आवळून लीन, म्हणजे पेट्रोल कमी, करू नका, टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच जातं, पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी आणि उष्णता जास्त, पिस्टन सीज होतो, म्हणजे तापून अडकतो.

नवीन कधी टाकायचा? थ्रॉटलचा शाफ्ट (रेस देताना फिरणारी दांडी) घासून ढिला झाला असेल, आत पाण्याने गंज किंवा पांढरी पावडर धरून धातू खाल्ला गेला असेल, किंवा किट टाकूनही निडलची जागा लीक होत असेल, तेव्हा. तेव्हा मात्र नंबर जुळवून बिनधास्त बदला.

"ऑईल जास्त टाका"

यामुळे कार्बोरेटर वाचत नाही. ५०:१ (५० भाग पेट्रोल, १ भाग ऑईल) सांगितलं असेल तर १ लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली, मॅन्युअलमध्ये आहे तेवढंच. जास्त टाकलं तर प्लग काळा होतो आणि सायलेन्सरची ती जाळी लवकर भरते, मग मशीन रेस घेत नाही आणि परत कोणीतरी सांगतं कार्बोरेटर गेला. पेट्रोल ताजं वापरा, महिनाभराच्या वर पडलेलं टाकू नका, सीझन संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आणि तुमचं मशीन फोर-स्ट्रोक असेल तर सहसा पेट्रोलमध्ये ऑईल टाकायचं नसतं, त्याचं ऑईल वेगळं इंजिनात भरायचं, मॅन्युअलमध्ये बघून घ्या.