महिला दिनाच्या पुरवणीसाठी मोटरसायकलस्वार स्त्रीवर लेख कसा लिहावा

मोटरसायकल चालवणाऱ्या पहिल्यावहिल्या स्त्रियांवर लेख लिहिण्याची अवदसा आपल्याला आठवलीच असेल, तर काही पथ्ये पाळावीत. मी ती पाळली नाहीत आणि म्हणून नुकताच एका पुरवणीच्या संपादक महोदयांनी माझा लेख ‘तांत्रिक तपशील कमी करावा, घरच्यांची प्रतिक्रिया वाढवावी’ अशा शेऱ्यासह साभार परत पाठवला.

नवऱ्याचे नाव पहिल्या परिच्छेदातच यावे.

नवरा नसल्यास आई चालते. 1915 मध्ये एफी हॉचकिस हिने हार्ले-डेव्हिडसनच्या साइडकारमध्ये आईला बसवून ब्रुकलिनहून सॅन फ्रान्सिस्को गाठले, यातील आई तेवढी घ्यावी. वाटेत ट्यूब मिळेना तेव्हा एफीने ब्लँकेट कापून टायरमध्ये भरले, हा तांत्रिक तपशील झाला.

पोशाखाचे वर्णन मात्र सविस्तर असावे, आणि याबाबतीत अमेरिकेतील पोलिसांचा आदर्श समोर ठेवावा. ऑगस्टा आणि अ‍ॅडलीन व्हॅन ब्यूरेन या बहिणी जुलै 1916 मध्ये न्यूयॉर्कहून दोन इंडियन मोटरसायकली घेऊन निघाल्या, तेव्हा शिकागोच्या पश्चिमेकडील लहान गावांत पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, आणि तेही एकदाच नव्हे. कारण वेग नव्हता, अपघात नव्हता. बायकांनी चामड्याची विजार घातली होती, हा गुन्हा होता. याच विजारी घालून त्या कोलोरॅडोतील 14,000 फुटांहून उंच अशा पाइक्स पीकच्या माथ्यावर गेल्या, युटाच्या वाळवंटात पाणी संपेपर्यंत भरकटल्या आणि सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला व पुढे लॉस एंजेलिसला पोहोचल्या. हा सगळा खटाटोप हौसेसाठी नव्हता. पहिले महायुद्ध दाराशी आले होते आणि लष्करात निरोप पोहोचवणाऱ्या मोटरसायकलस्वारांचे काम स्त्रिया करू शकतात, म्हणजे तेवढे पुरुष आघाडीवर जाण्यास मोकळे होतील, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. लष्कराने अ‍ॅडलीनचा अर्ज फेटाळला. मोटरसायकलींच्या एका मासिकाने गाडीची तोंड भरून स्तुती केली आणि बहिणींच्या प्रवासाची गणना सुट्टीतल्या सहलीत केली. सुट्टीतली सहल! साऱ्या अमेरिका खंडाची रुंदी, धड रस्ते नसताना, चिखलातून आणि वाळूतून. आणि कौतुक कोणाचे, तर लोखंडाचे. शंभर वर्षांनंतर आमचे संपादक विचारतात की एवढे दिवस स्वयंपाक कोण करत होते.

ब्रिटिश अभियंता आणि शर्यतपटू बिअ‍ॅट्रिस शिलिंगच्या बाबतीत लग्नाची गोष्ट घ्यावी: इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी 100 मैलांच्या फेरीचे सुवर्णतारक मिळवल्याशिवाय लग्न नाही, अशी अट तिने भावी नवऱ्याला घातली होती म्हणतात. ते पदक तिच्याकडे आधीच होते, हे सांगू नये; आणि सूर मारताना स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांची इंजिने बंद पडत, त्यावर 1941 मध्ये तिने छिद्र पाडलेल्या लहानशा चकतीचा उपाय काढला आणि तो बसवण्यासाठी ती विमानतळांवर मोटरसायकलनेच जात असे, हे तर मुळीच नको.

आता पुरे झाले. 1962 मध्ये बेरिल स्वेन ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरील टीटी या मोटरसायकल शर्यतीत 50 सीसी गटात, साइडकारविना एकटी स्वार म्हणून उतरली, बाविसावी आली, आणि त्यानंतर तिचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेण्यात आला. त्या शर्यतीत पुन्हा एकटी स्वार म्हणून उतरायला स्त्रीला 1978 उजाडावे लागले. संपादक महोदय, आपण माझ्या लेखातून जो ‘बाविसावी’ हा शब्द ‘वाचकांना प्रेरणादायी वाटणार नाही’ म्हणून खोडलात, तो त्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा शब्द होता. ती पडली नाही, सोडून गेली नाही, शर्यत पूर्ण केली, आणि तरीही तिला बाहेर काढले. हे आपल्याला कळत नसेल तर आपण वर्षातून एकदा गुलाबी मथळ्याखाली स्त्रियांचे कौतुक करण्याचा उद्योग बंद करा. लेख छापायचा असेल तर वर्ष, क्रमांक आणि गाडीचे नाव यांना हात लावू नका.