निरोगी पराग मिळूनही ते बीज का मरते?

सप्रेम नमस्कार.

अॅराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या लहानशा झाडातील ‘मेडिया’ जनुकाची एक प्रत बिघडलेल्या झाडाला निरोगी झाडाचा पराग दिला तरी त्याची निम्मी बीजे मरतात, असे मी लिहिले होते. परागातून चांगली प्रत आल्यावर एकही बीज मरता कामा नये, म्हणून हे विधान मेंडेलच्या हिशेबाला सोडून आहे, असा आपला आक्षेप आहे.

आपला हिशेब बहुतेक जनुकांना लागू पडतो आणि त्याचा दाखला आपल्या माळव्यातल्या मक्याच्या शेतातही मिळतो. स्वीट कॉर्नमध्ये स्टार्च तयार करण्याच्या कामातले एक जनुक निकामी असते, म्हणून दाण्यात साखर उरते. पण शेजारच्या देशी मक्याचा पराग उडून आला, की त्याच हंगामात, त्याच भुट्ट्यातले ते दाणे पिठूळ होतात. भ्रूणपोषात, म्हणजे बीजातल्या भ्रूणाला पोसणाऱ्या ऊतीत, मातेच्या 2 आणि पित्याची 1 अशा 3 प्रती असतात, आणि तेथे पित्याची ती एकटी प्रत पुरेशी ठरते.

मेडियाच्या बाबतीत मात्र पित्याची प्रत भ्रूणपोषात हजर असूनही मुकी, म्हणजे बंद, असते. झाडाच्या निम्म्या बीजांडांत मातेची बिघडलेली प्रत जाते आणि तेवढीच बीजे दगावतात. उलट, निरोगी मातेला बिघडलेला पराग दिला तर बीजे वाचतात. वनस्पतींच्या जनुकांचे अभ्यासक ग्रॉसनिक्लाउस आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवले, की हा मृत्यू पित्याकडून येणाऱ्या चांगल्या प्रतींच्या संख्येवरही अवलंबून नसतो. हा उलट संकर मी लेखात दिलाच नव्हता. तो दिला असता तर आपली शंका तेथेच फिटली असती, ही उणीव माझी आहे.

भ्रूणपोष हा केवळ अन्नसाठा असेल तर त्याच्या बिघाडाने भ्रूणाने का मरावे, हा आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. भ्रूणपोषात आरंभी केंद्रके भिंतींवाचून विभागत राहतात आणि ठरावीक वेळी त्यांच्यामध्ये पेशीभित्ती उभ्या राहतात. भ्रूणाची पुढची वाढ या टप्प्यावर अवलंबून असते. मेडियाचे प्रथिन इतर प्रथिनांच्या जोडीने वाढीला चालना देणारी जनुके आवरून धरते. तो आवर सुटला, की केंद्रके विभागतच राहतात, भित्ती नीट उभ्या राहत नाहीत, भ्रूण फाजील फुगतो आणि बीज वाळू लागताच मरतो. भ्रूणपोषाला मी ‘शिदोरी’ म्हटले होते. तो शब्द आज लेखातून काढला आहे.