आधी आजीचे गुडघे तपासून घ्या

लेकरू होऊ द्यायचं ठरवताय ना? मग दवाखान्यात नंतर जा, आधी आजीच्या गुडघ्यांचा एक्स-रे काढा. बीपी, शुगर चालून जाईल. पाच-सहा वर्षांनी ती दप्तर घेऊन तिसरा मजला चढणार का, हे आत्ताच कळलेलं बरं.

समजा, छत्रपती संभाजीनगरात तुमची वाळूजला सातची शिफ्ट आहे आणि नवऱ्याची चिकलठाण्याला. कंपनीची बस बजाजनगरच्या चौकात सहा चाळीसला येते. पूर्वी शाळाही सातची असायची. अर्धवट झोपेतलं लेकरू रिक्षात कोंबलं की झालं. मग डिसेंबर 2023 मध्ये राज्यपालांना लेकरांच्या झोपेची काळजी वाटली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये फर्मान निघालं, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत. चांगलंच झालं, लेकरं झोपली पाहिजेत. फक्त साडेसहा ते नऊ ती कुणाच्या घरी झोपणार, एवढं ठरवायचं राहिलं.

ते गल्लीतल्या मावशी ठरवतात. शाळेआधी आणि शाळेनंतर सांभाळायचे महिना 3,500. खाऊ वेगळा. मावशींकडं शंभर पानी वही असते, तिला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. तुम्ही पंधरा मिनिटं उशिरा पोचलात की मावशी रागवत नाहीत, नुसती वही ओढतात. "बस अडकली असंल ताई, माझं काही म्हणणं नाही," असं म्हणत तुमच्या नावापुढं 50 मांडतात. मनाला लावून घेऊ नका. तुमचं लेकरू सांभाळता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं त्यांच्या आईकडं ठेवलंय.

घरी हिशेब मांडताना एक पथ्य पाळा. मावशीचे पैसे बायकोच्याच पगारातून वजा करायचे. नवऱ्याच्या पगाराला गाडीचा हप्ता असतो, पेट्रोल असतं, मित्रांची लग्नं असतात. बायकोचे 14,000. त्यातून मावशी 3,500, रिक्षा 1,200, उशिराचे आणि खाऊचे 900. राहिले 8,400. आता सासरे चष्मा काढतील आणि म्हणतील, "एवढ्यासाठी कशाला जीव काढायचा बाई?" तुम्ही पोळ्या लाटत राहा. लेकरू दोघांचं आहे हा मुद्दा तर मुळीच काढू नका, घरातली शांतता बिघडते.

कायद्याची भाषा येत असेल तर कंपनीत बोलून बघा. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे. पण गेटवर दोनशे माणसं दिसली म्हणून हुरळू नका. हजेरीपटावर किती आणि ठेकेदाराची किती, हे साहेबाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. शिवाय सरकारी सूचनांतलं पाळणाघर सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. म्हणजे पहिलीत गेलं की लेकरू मोठं झालं, शाळा सुटल्यावर त्यानं आपलं आपण बघावं.

मार्च-एप्रिलात ऊन तापलं की हीच शाळा पुन्हा सकाळी सातची होते. तेव्हा झोपेचं कुणी नाव काढत नाही. साडेअकराला लेकरू कुलपासमोर उभं, गळ्यात किल्ली. आणि 17 सप्टेंबर विसरू नका. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, शाळेत झेंडा झाला की लेकरं मोकळी. आपण 1948 साली निजामाच्या तावडीतून सुटलो, पहिल्या शिफ्टच्या नाही.

म्हणून म्हणतो, आजीच आणा. आमची औशाकडं असते, गुडघे ठणठणीत. जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा तिची पेरणी असते, दिवाळीच्या सुट्टीला सोयाबीनची रास. तरी यंदा ती हो म्हणाली. परवा फोन आला, "येते रे, पण म्हशीचं काय करू?"

शेजारचा गडी सांभाळायला तयार आहे. महिना 3,000 म्हणतोय. चारा वेगळा.