‘शेतात कधी पाय ठेवला आहे का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

केळीच्या चार खतमात्रांची तुलना कशी करावी, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलंत : “दर महिन्याला खोडाचा घेर मोजला आणि दर महिन्याला वेगळी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) लावली, तर बिघडलं काय? शेवटी रासच (घडांचं वजन) बघायची असते. सीएमव्ही या विषाणूरोगामुळे उपटलेल्या झाडांचं काय, ते सांगितलंच नाही. आलेखही धड दिसत नाही. तुम्ही शेतात कधी पाय ठेवला आहे का?”

आलेखाचं मान्य. चार रेषा मोबाइलवर वेगळ्या ओळखू येत नाहीत, रंग बदलतो.

पण ते शेवटचं वाक्य कशासाठी? मुद्दा पटला नाही तर मुद्दा खोडा. माझं बालपण जळगावच्या रावेर तालुक्यात मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) चिखलात गेलं. वडिलांबरोबर केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं कापली, मजूर आले नाहीत त्या दिवशी घडही वाहिले. पुढे एका संशोधन केंद्रावर नोकरीला असताना मे महिन्याच्या उन्हात टेप घेऊन घेर मोजत हिंडलो. हे सांगायची वेळ आणलीत म्हणून सांगतो.

आणि तुम्ही ज्याला पुस्तकी म्हणता, ते मला त्या बागेतच कळलं. ऑक्टोबरात जोमदार असलेला प्लॉट नोव्हेंबरातही जोमदारच असतो. म्हणजे नोव्हेंबरचा आकडा ही नवी, स्वतंत्र साक्ष नव्हे, त्यात ऑक्टोबर बराचसा आलेला असतो. लगतच्या महिन्यांचे आकडे एकमेकांशी जास्त जुळतात, लांबच्यांचे कमी. ही जुळणी हिशेबात धरायलाच १९४० मध्ये संख्याशास्त्रात मॉक्लींनी चाचणी दिली आणि १९५९ मध्ये ग्रीनहाऊस आणि गीसर यांनी दुरुस्ती सुचवली. आज मिक्स्ड मॉडेलमध्ये, म्हणजे एकाच प्लॉटच्या सगळ्या महिन्यांच्या नोंदी एकत्र धरणाऱ्या पद्धतीत, ती जुळणी थेट मांडता येते.

आता तुमच्या टी-टेस्टचा हिशेब. चार मात्रांच्या जोड्या सहा. आठ महिने मोजलं तर ४८ तुलना. पाच टक्क्यांची पातळी धरली, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोगाला फरक समजायची चूक चालवून घेतली, तर मात्रांमध्ये खरा फरक काडीचाही नसताना सरासरी दोन-तीन ठिकाणी ‘फरक’ दिसणारच. त्यातला एक उचलून ‘पाचव्या महिन्यात तिसरी मात्रा जिंकली’ असं शेतकऱ्याला सांगायचं, आणि त्याने त्यावर पैसे घालायचे! मला राग येतो तो याचा.

शिवाय एका व्हॉल्व्हमधून एकच मात्रा जाते. त्या व्हॉल्व्हवरची पन्नास झाडं मोजली तरी रिप्लिकेशन (प्रयोगाची स्वतंत्र पुनरावृत्ती) एकच. हर्लबर्टने १९८४ मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (खोटी पुनरावृत्ती) असं नाव देऊन ठेवलं आहे. चार मात्रा, पाच ब्लॉक (सारख्या जमिनीचे पट्टे, प्रत्येकात चारही मात्रा), वीस प्लॉट : मात्रांच्या तुलनेत चुकीसाठी (योगायोगाचा चढउतार मोजायला) स्वातंत्र्यांश, म्हणजे स्वतंत्र माहितीचे तुकडे, उरतात बारा. झाडं वाढवून किंवा महिने वाढवून त्या बाराचे तेरा होत नाहीत. ब्लॉक वाढवावे लागतात, आणि तेही नदीकडचा उतार पाहून आखावे लागतात. एवढं साधं गणित ज्याला नको आहे, त्याने दुसऱ्याच्या पायाच्या मातीची चौकशी करू नये.

रास शेवटी बघायचीच, नाही कोण म्हणतं? पण लेखाचा प्रश्न खताचा हप्ता कधी द्यावा हा होता. पावसाळ्यात पुढे गेलेली मात्रा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, वाढ मंदावल्यावर, इतरांच्या बरोबरीला येते का, हे एकट्या राशीवरून कळत नाही. त्यासाठी मात्रा आणि काळ यांचा इंटरॅक्शन, म्हणजे मात्रांमधला फरक काळानुसार बदलतो का, हे तपासावं लागतं. सीएमव्हीचा विषय निराळा आहे, इथे त्यात शिरत नाही.

तुमच्याकडे घेराच्या नोंदी असतील तर जरूर पाठवा, मी स्वतः विश्लेषण करून देईन. फक्त कोणतं झाड कोणत्या व्हॉल्व्हवर आणि कोणत्या ब्लॉकमध्ये, ते लिहा. सगळ्या झाडांची एकत्र सरासरी पाठवलीत, तर मला त्यातून काही काढता येणार नाही.