खुलासा : रंग बदलला म्हणून टी-९०ए ‘भीष्म’ होत नाही

‘मेंगचा १/३५ टी-९०ए घ्या, वाळूचा आणि हिरवा रंग मारा, भीष्म तयार!’ असा सल्ला सध्या रणगाड्यांची प्लॅस्टिकची मॉडेल्स बनवणाऱ्या हौशी मंडळींत फिरतोय. तो चुकीचा आहे. भीष्म म्हणजे भारतीय सैन्याचा टी-९०एस रणगाडा.

मेंग या चिनी कंपनीचा १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) संच उत्तमच आहे, पण तो रशियन सैन्याच्या टी-९०एचा. त्या रणगाड्याच्या तोफेच्या दोन्ही बाजूंना ‘श्तोरा’ या क्षेपणास्त्रांना चकवणाऱ्या यंत्रणेचे दोन चौकोनी दिवे असतात, पेटले की लाल डोळ्यांसारखे दिसणारे. आपल्या टी-९०एसवर श्तोरा बसवलेलीच नाही. त्या जागी कॉन्टॅक्ट-५ या, मारा बसताच स्फोट होऊन तो अडवणाऱ्या चिलखताचे ठोकळे आहेत. म्हणजे दिवे नुसते न चिकटवता भागत नाही, मागे उघडी जागा राहते. तिथले ठोकळे प्लॅस्टिकच्या पत्र्यातून स्वतः कापून बसवावे लागतात. संध्याकाळभराचं काम आहे, आणि खरं सांगायचं तर मजाही त्यातच आहे.

दुसरी गफलत बुरुजाची. रशियाशी झालेल्या २००१च्या करारानंतर आलेल्या सुरुवातीच्या काही गाड्यांचा बुरूज ओतीव, गोलसर होता. नंतरच्यांचा वेल्डिंगचा, कोनदार. चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात जोडलेला रणगाडा करायचा आणि ओतीव बुरुजाचा संच आणायचा, हे जमत नाही. खोक्यावर फक्त ‘टी-९०’ लिहिलं असेल तर पैसे देण्याआधी आतल्या सुट्या भागांचं चित्र बघा.

रुंदीही मोजून घ्या. खरा रणगाडा ३.७८ मीटर रुंद, म्हणून १/३५ मध्ये साधारण १०८ मिलिमीटर.

संचलनातला एकच रणगाडा निवडा, त्याचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटो जमवा, मग दुकानात जा.