बर्डीवरचं ते दुकान

मूर्तिजापूरच्या गाडीत बसून लिहितोय. डोकं अजून तापलेलं आहे, शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आज शाळेला सुटी टाकून नागपूरला गेलो होतो, स्पीकर घ्यायला. तीन वर्षं पैसे बाजूला टाकले होते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात उतरलो, ओळखीच्या गल्लीत वळलो, तर बाबांनी जिथून आमचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. शेजारच्या पानठेल्यावर विचारलं. "ते कधीचंच बंद झालं ना दादा." एवढंच.

मग एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. साठ हजारांची जोडी दाखवली. म्हटलं, ऐकवा. पोरगा म्हणतो, "सर, डेमो पीस नाही. बॉक्स उघडला तर घ्यावाच लागेल. मोबाईलवर रिव्ह्यू पाहून घ्या ना." वरून विचारतो, "गावात एवढं भारी काहून पाहिजे?"

काहून म्हणजे? गावात कान नसतात का? आमच्याकडे भजनात एक टाळ मागे पडला तर ओट्यावर बसलेली म्हातारी मान वर करते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत मोठी झालेली माणसं आहोत आम्ही. त्यांची मोझरी आमच्यापासून काय दूर आहे? बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, जुंपून पाहतो. आणि साठ हजारांचा स्पीकर दुसऱ्याच्या कानानं घ्यायचा?

१९९६ ची गोष्ट. फेडरेशनला विकलेल्या कापसाचे पैसे, म्हणजे चुकारा, हाती आला आणि बाबा मला घेऊन पॅसेंजरनं नागपूरला आले. मी नववीत होतो. बाबांच्या अंगावर धोतर-सदरा, हातातल्या पिशवीत वसंतराव देशपांड्यांची कॅसेट. वसंतराव आपल्या मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. बाबा त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखे बोलायचे. दुकानातल्या काकांनी बजेट विचारलं नाही. पहिला प्रश्न केला, "भाऊ, घर कसं आहे? भिंती मातीच्या की विटांच्या? कापूस घरातच ठेवता का?"

कापसाचा आणि गाण्याचा काय संबंध, मला कळेना. काकांनी समजावून सांगितलं. कापूस आवाज पितो. खोलीत कापूस भरला की तंबोऱ्याची, झांजेची बारीक किनार दबते, तेव्हा ट्रेबल थोडा वाढवा. कापूस विकला की तीच खोली घुमते, तेव्हा स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, नाहीतर डग्गा नुसता ढुमढुम करेल.

बाबांचं मन मोठ्या वॅटच्या डब्यावर होतं. काका म्हणाले, पीएमपीओचा, म्हणजे डब्यावर छापलेला तो फुगवलेला वॅटचा आकडा तर सोडूनच द्या. स्पीकर किती डेसिबलचा आहे, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठा वाजतो, ते पाहा. तीन डेसिबलनं कमी असला तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. असं म्हणून त्यांनी आम्हाला कमी किमतीची जोडी दिली. अडीच तास बसवून घेतलं, तीन जोड्यांवर तीच कॅसेट लावली. तिसऱ्या जोडीवर तान सुरू व्हायच्या आधी वसंतरावांनी घेतलेला श्वास ऐकू आला. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाहीत.

ऑनलाइन स्वस्त मिळतं, मान्य. भाच्यानं मागवलेला हेडफोन चांगला निघाला, तेही मान्य. पण मागच्या वर्षी मीही एक जोडी मागवली होती. डावा स्पीकर फाटल्यासारखा वाजायचा. परत करायला फोन केला तर म्हणे, तुमच्या पिनकोडला पिकअप नाही. आणून द्यायला पिनकोड चालतो, न्यायला चालत नाही! तो खोका अजून माळ्यावर पडून आहे.

आणि जुने दुकानदार सगळेच देवमाणसं होते असंही नाही. धोतर पाहून तोंड फिरवणारे बर्डीवरही होते. असतील. पण त्या एका दुकानात माझ्या बापाला खुर्ची मिळाली होती, पाणी मिळालं होतं, आणि त्याच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत हे विचारलं गेलं होतं. मुंबई-पुण्याची माणसं अजूनही कुठंतरी जाऊन ऐकू शकतील. आम्ही कुठं जाऊन ऐकायचं?

त्या पोराचाही काय दोष म्हणा. त्याला तरी कोणी कधी बसवून ऐकवलं असेल का?

घरी आल्यावर बाबांनी स्पीकरच्या जागा ठरवल्या आणि सारवलेल्या जमिनीवर चुन्याच्या खुणा केल्या. मागची खूण कापूस असतानाची, पुढची कापूस गेल्यावरची. आई दर आठवड्याला सारवायची, खुणा पुसल्या जायच्या. पण सारवण वाळलं की ती स्वतः वीत टाकून मोजायची आणि बोटानं चुना लावून खुणा परत करायची. तिला गाण्यातलं काही कळत नाही असं ती म्हणायची. खूण मात्र एकदाही चुकली नाही.

आता तिथं फरशी आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे, आवाजाचं बटन फिरवताना खरखर करतो तेवढंच. स्पीकरमधले कागदी पडदे मात्र फाटले, म्हणून तर आज गेलो होतो.

बडनेरा आलं. नागपूरच्या मित्रांनो, बर्डीवरच्या त्या काकांबद्दल कोणाला माहीत असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा. उंच, चष्मेवाले, बोलताना कानामागे पेन्सिल. त्या दिवशी निघताना त्यांनी दहा मीटर वायर कापून दिली होती आणि पैसे घेतले नव्हते. बाबा दर दिवाळीला म्हणायचे, एकदा जाऊन देऊन येऊ.